झेटरची खटखट आणि कलाभवनचे मास्तर

बडोद्याच्या मराठी माणसांबद्दल काही लिहायचं म्हटलं की वाडे येतात, सरदार घराणी येतात, गाणं येतं, गणपती येतात. सयाजीराव महाराज तर येतातच. पण आपल्यातले कितीतरी लोक हाताला ग्रीस लावून जगले. फिटर, टर्नर, पॅटर्नमेकर, वर्कशॉपचे फोरमन. त्यांच्यावर कुणी लिहीत नाही, कारण त्यांच्याकडे सनदा नव्हत्या, पानाच्या डब्याएवढी हत्यारांची पेटी होती. आज त्यातल्या एकाबद्दल आणि एका जुन्या ट्रॅक्टरबद्दल लिहितो. थोडं यंत्राचं येईल. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी तेवढं सोडून पुढे वाचावं, पण माझ्या मते खरी गोष्ट त्या यंत्रातच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला असं सगळं एका छपराखाली. दादासाहेब फाळके इथेच शिकले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण फाळक्यांबरोबर आणि त्यांच्यानंतर शेकडो साधी मुलं शिकली. कोकणातून, देशावरून, खानदेशातून आलेली, नातेवाइकांच्या ओसरीवर झोपून दिवस काढलेली. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्यात गेलं, पण जुने लोक फॅकल्टीला शेवटपर्यंत कलाभवनच म्हणत. आम्हीही म्हणतो.

त्याच वर्षी, १ मे १९४९ला, बडोदा संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आपल्या घरांसाठी खरा बदल तिथून सुरू झाला. ज्यांच्याकडे गायकवाडीतल्या जमिनी होत्या, त्यांच्यावर मुंबईचा कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि कसणारा कूळ जमिनीचा मालक झाला. कायदा चूक होता असं मी म्हणणार नाही. पिढ्यान् पिढ्या जो घाम गाळत होता त्याला जमीन मिळाली, हे न्यायाचंच झालं. पण शहरात राहून नोकरी करणाऱ्या मराठी घरांत एक वाक्य कायमचं बसलं: "भागाने दिली की गेली." ज्यांची थोडीफार जमीन उरली, त्यांना ती स्वतः कसायची होती. बैल सांभाळायला गावात राहावं लागतं. ट्रॅक्टरला तसं नाही. डभोईकडच्या कानमच्या काळ्या जमिनीत आमची जी काही उरली होती, तिच्यासाठी आजोबांनी १९६८ साली जुना झेटर ३०११ घेतला तो याच कारणासाठी.

झेटर म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचा. ब्र्नो शहरातल्या झ्ब्रोयोव्हका या शस्त्रांच्या कारखान्याने दुसरं महायुद्ध संपल्यावर ट्रॅक्टर काढायला घेतले. 'झेट' हे त्यांच्या आद्याक्षराचं नाव, आणि ट्रॅक्टरमधला 'ओर'. इंग्रजांची ब्रेन गन माहीत असेल, तिच्यातला 'ब्र' याच ब्र्नोचा. बंदुकीच्या कारखान्यातला नांगर आमच्या शेतात आला, असं आजोबा मोठ्या चवीने सांगत.

त्या काळी ट्रॅक्टर ही दुर्मिळ चीज होती. १९६१-६२ साली देशात तयार झालेले सगळे ट्रॅक्टर मिळून हजाराच्या आत होते, बाकी सगळे बाहेरून यायचे. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींना त्यांच्या वडीलधाऱ्यांकडून माळव्यातल्या कांस गवताच्या गोष्टी ऐकायला मिळाल्या असतील. ते गवत खणून काढायला सरकारने सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन काढली होती आणि १९४९ साली जागतिक बँकेकडून यंत्रांसाठी एक कोटी डॉलरचं कर्ज घेतलं होतं. बेळगाव-निपाणीकडे पुढे जिकडेतिकडे दिसू लागला तो बी-२७५, म्हणजे मुंबईत कांदिवलीला बनणारा. आणि आमच्या बडोद्यात विश्वामित्रीला हिंदुस्तान ट्रॅक्टर्स. त्यांनी १९६३ साली प्रागच्या मोटोकोव्हशी, म्हणजे झेटर परदेशात विकणाऱ्या कंपनीशी, करार केला. १९७८ साली त्याचं गुजरात ट्रॅक्टर कॉर्पोरेशन झालं, पुढे ते महिंद्राकडे गेलं. सांगायचा मुद्दा, झेटरच्या घाटाचं इंजिन कानाने ओळखणारी माणसं तेव्हा बडोद्यात गल्लोगल्ली होती. मास्तर त्यांतलेच. कलाभवनचे जुने विद्यार्थी, मग काही वर्षं तिथेच फिटिंग शिकवलं म्हणून मास्तर, आणि शेवटची नोकरी विश्वामित्रीला. बाबाजीपुऱ्यात आमच्यापासून चार घरं सोडून राहत.

आता १९८३चा मे महिना. होळीनंतर कधीतरी ट्रॅक्टर खटखटायला लागला होता. आमचा चालवणारा गडी गुजराती, त्याने वडिलांना सांगितलं, "साहेब, एन्जिन ठोके छे." शहरातल्या एका गॅरेजवाल्याने येऊन दोन मिनिटं ऐकलं, ऑइलचा काटा बघितला (प्रेशर खरोखरच खाली होतं) आणि सांगितलं, बेरिंग गेलं, क्रँक गेला असणार, इंजिन पूर्ण उतरवावं लागेल. सात हजार रुपये आणि महिनाभर वेळ. त्या वेळी वडिलांचा पगार हजाराच्या आसपास होता. पाऊस जूनच्या मध्यावर. कापसाची जमीन पावसाआधी तयार नसली तर वर्ष गेलं. शेजारचा एक शेतकरी "या वर्षापुरती मला भागाने द्या" म्हणत होता, माणूस चांगला होता, पण ते वाक्य घरात सगळ्यांच्या डोक्यात. चुलत आजोबांचं म्हणणं, विकूनच टाका एकदाची. आजीने पाटल्या काढून देव्हाऱ्यासमोर ठेवल्या होत्या. मास्तर आले तेव्हा त्यांनी त्या बघितल्या आणि म्हणाले, "वहिनी, त्या आधी आत ठेवा. मला नुसतं ऐकू तर द्या."

मी तेव्हा फॅकल्टीत मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला होतो, म्हणून मला बरोबर नेलं. पुस्तकात आम्ही 'डिझेल नॉक' शिकलो होतो. ते थोडक्यात असं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती पाचशे अंशांच्या पुढे तापते, आणि तिच्यात नोझल डिझेलचं धुकं सोडतं. डिझेल पडल्या क्षणी पेटत नाही, एखाद-दोन मिलिसेकंद जातात. ऐकायला हे काहीच नाही, पण १५०० फेऱ्यांवर क्रँक एका मिलिसेकंदात ९ अंश फिरतो. हा उशीर वाढला तर तोवर आत साठलेलं सगळं डिझेल एकदम भडकतं आणि पिस्टनवर हातोडा बसल्यासारखा आवाज येतो. उशीर का वाढतो? डिझेल फार लवकर सोडलं, हवा पुरती तापलेली नसताना, म्हणून. नोझल धुकं न करता थेंब टाकतंय म्हणून. किंवा डिझेलमध्ये घासलेट मिसळलंय म्हणून, जे तेव्हा सर्रास चालायचं.

पण खटखट एवढ्यानेच होते असं नाही, आणि सगळी अडचण तिथेच आहे. कनेक्टिंग रॉडचं बेरिंग झिजलं तरी खटखट. गजनपिन सैल झाली तरी, पिस्टन लायनरमध्ये डुलायला लागला तरी, टॅपेट सैल असला तरी. फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले असले तरीसुद्धा. एकाचा इलाज चार रुपयांचा, दुसऱ्याचा सात हजारांचा. चुकीचं निदान करून इंजिन उघडलं की मग काही ना काही झिजलेलं सापडतंच, जुन्या इंजिनात सापडणारच, आणि गॅरेजवाल्याचं म्हणणं खरं ठरतं.

मास्तरांनी इंजिन चालू केलंच नाही. आधी गड्याला विचारलं, कधीपासून, काय केल्यानंतर? होळीच्या आठवड्यात डिझेल पंप दुरुस्तीला दिला होता, हे तेव्हा बाहेर आलं. मग त्यांनी ऑइलची पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर. कुणी घातलं का? नाही. न घालता ऑइल वाढलं! थेंब बोटावर चोळून मास्तरांनी वास घेतला आणि पट्टी माझ्या नाकाशी धरली. डिझेल. "प्रेशर का पडलंय ते कळलं?" एवढंच म्हणाले. कुठल्यातरी सिलिंडरमध्ये न जळलेलं डिझेल भिंतीवरून ओघळून खाली उतरत होतं आणि ऑइल पातळ करत होतं. पातळ ऑइलचा काटा खाली जाणारच, बेरिंग शाबूत असलं तरी. गॅरेजवाल्याने काटा बघितला होता, पट्टी बघितली नव्हती.

मग थंड इंजिन सुरू केलं. डुलणाऱ्या पिस्टनचा आवाज थंडीत मोठा असतो आणि तापल्यावर पिस्टन फुगून कमी होतो. इथे पंधरा मिनिटांनीही आवाज तसाच, टणटणीत. मास्तरांच्या पेटीत हातभर लांबीचा सागाचा एक दांडा होता, एका टोकाला कानाच्या आकाराचा. तो हेडवर, ब्लॉकवर, खाली क्रँकच्या बाजूला असा टेकवत त्यांनी ऐकलं. मलाही ऐकायला लावलं. खाली घरघर होती, पण ठोका वर होता, दुसऱ्या सिलिंडरपाशी. इंजिन बंद करून टॅपेटला फिलर गेज लावलं, एक सैल होता तो बसवला. बारीक टिकटिक गेली, ठोका राहिला.

पुढची परीक्षा जुन्या मेकॅनिकांची नेहमीची. चालू इंजिनात एकेका नोझलच्या पाइपचा नट थोडा सैल करायचा, म्हणजे त्या सिलिंडरचं डिझेल बंद. (घरी करून बघू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत घुसतं. मास्तर फडकं गुंडाळून, हात बाजूला ठेवून, अगदी थोडा नट सोडत.) पहिल्याचा सोडला, इंजिन मंदावलं, ठोका चालूच. तिसऱ्याचं तेच. दुसऱ्याचा सोडला आणि ठोका नाहीसा.

मला वाटलं निदान झालं. मास्तर म्हणाले, "काय झालं? बेरिंग असतं तरी हेच झालं असतं." खरंच होतं. डिझेल बंद केलं की पिस्टनवरचा जोर जातो, मग झिजलेलं बेरिंगही गप्प बसतं किंवा हळू बोलतं. म्हणून त्यांनी ॲक्सिलरेटर वर नेऊन एकदम सोडला. असं केलं की गव्हर्नर क्षणभर डिझेल तोडतो आणि इंजिन आपल्याच वेगावर फिरत खाली येतं. त्या क्षणात सैल बेरिंग खडखडतं, कारण रॉड ओढला जातो, दाबला जात नाही. जळण्याचा ठोका मात्र त्या क्षणी येऊच शकत नाही, जळायला काही नसतंच. तीनदा केलं. तिन्ही वेळा इंजिन खाली येताना शांत.

तरी समाधान नाही. दुसरं आणि तिसरं नोझल काढून अदलाबदल केली. खालचे तांब्याचे वॉशर चुलीवर लाल करून पाण्यात विझवले, त्याने तांबं मऊ होतं आणि पुन्हा नीट बसतं. इंजिन सुरू केलं. ठोका तिसऱ्या सिलिंडरवर गेला होता. नोझलबरोबर आवाज चालत गेला, म्हणजे दोष नोझलचा, त्यावर आता वाद नाही. बेरिंग काही एका सिलिंडरमधून दुसऱ्यात चालत जात नाही. वडील तिथेच बांधावर बसले. मला आठवतं, त्यांनी गड्याकडून विडी मागून घेतली, जी ते कधी ओढत नसत.

नोझल शहरात हातपंपाच्या टेस्टरवर लावलं तेव्हा दिसलंच. धुक्याऐवजी एका बाजूला धार, आणि धार थांबल्यावर टोकाला थेंब. उघडायचा दाबही उतरलेला, त्यामुळे ते वेळेआधीच उघडत होतं. नवं नोझल टाकलं, मोठा ठोका गेला. पण तिन्ही सिलिंडरांत थोडा थोडा कडक आवाज उरला. गॅरेजला दिलं असतं तर इथे काम संपलं असतं. मास्तरांना पंपाची शंका पहिल्या प्रश्नापासून होती.

पंपाचं टायमिंग त्यांनी थेंबावर बघितलं. पहिल्या सिलिंडरच्या पाइपच्या जागी वाकडी नळी, आतला डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढलेला, डिझेलची तोटी उघडी. पिस्टन दाबाच्या वाटेवर असताना इंजिन हाताने अगदी हळू फिरवायचं. धार बारीक होते, मग थेंब, मग बंद. बंद होण्याचा क्षण म्हणजे पंप डिझेल ढकलायला लागला तो क्षण, आणि त्याच वेळी खूण खुणेला भेटली पाहिजे. आमच्याकडे थेंब थांबला तेव्हा खूण यायला अजून बराच अवकाश होता. ज्याने पंप बसवला त्याने तो मूळ खुणेवर न बसवता पुढे फिरवून घट्ट केला होता. असं केल्याने इंजिनाला जरा झटका आल्यासारखं वाटतं, गिऱ्हाईक खूश होतं. पंप मागे खुणेवर आणला, पातळ झालेलं ऑइल काढून नवं घातलं, फिल्टर बदलला. इंजिन सुरू झालं तेव्हा गडी म्हणाला, "हवे बोले छे बराबर." आणि प्रेशरचा काटा जागेवर.

सगळा खर्च चारशेच्या आत. मास्तरांनी पैसे घेतले नाहीत, येताना सेवउसळ मात्र दोन प्लेट खाल्ली. जाताना वडिलांना बजावलं, दोन महिने हे इंजिन पातळ ऑइलवर चाललंय, दुसऱ्या रॉडचं बेरिंग खाल्लं गेलं असणार, पाऊस संपला की बघा. आम्ही दोन वर्षांनी लायनर बदलायला इंजिन उघडलं तेव्हा दुसऱ्या बेरिंगचा वरचा पांढरा थर घासून तांबं दिसत होतं. क्रँक मात्र मायक्रोमीटरला बरोबर लागला, घासावा लागला नाही. कधीकधी मी विचार करतो की गॅरेजवाल्यानेही तेच बेरिंग काढून दाखवलं असतं आणि आम्ही सात हजार देऊन त्याचे आभार मानले असते. नोझल तसंच राहिलं असतं, टायमिंगही, आणि नवं बेरिंग वर्षभरात गेलं असतं.

त्या वर्षी पहिल्या पावसाआधी रान तयार होतं. जमीन भागाने गेली नाही, विकलीही गेली नाही. पुढे १९९६मध्ये विकली, पण ती आमच्या मर्जीने, बहिणीच्या आणि माझ्या घरासाठी, आणि ज्याने भागाने मागितली होती त्याच्याच मुलाला. झेटरही त्यालाच दिला.

एक भाषेची गंमत सांगायची राहिली. मास्तर इंजिनाशी मराठीत बोलत, गड्याशी गुजरातीत, आणि भागांची नावं ना इकडची ना तिकडची. गजनपिन, टॅपेट, चेंबर, नोझल. संस्थानाने १९३१ साली 'सयाजीशासनशब्दकल्पतरु' छापला, आठ भाषांत राज्यकारभाराचे शब्द जुळवून. वर्कशॉपचा असा कोश मात्र कुणी केला नाही. ठोक्याला मास्तरांकडे निदान सहा शब्द होते: टणटण, खटखट, ठकठक, धबधब, टिकटिक, खुळखुळ. टणटण म्हणजे जळण्याचा, ठकठक गजनपिनचा दुहेरी, धबधब म्हणजे मेन बेरिंग. खुळखुळ पिस्टनचा, थंडीतला. आम्हाला फॅकल्टीत या सगळ्याला 'नॉक' एवढा एकच शब्द शिकवला होता.

मास्तर १९९१ साली गेले. त्यांच्या मुलांपैकी कुणी या धंद्यात नाही, हत्यारांची पेटी भंगारात गेली असं ऐकलं. पण त्यांच्याकडे कलाभवनच्या दिवसांतल्या दोन वह्या होत्या, मोडीत आणि बाळबोधीत मिसळून लिहिलेल्या, आकृत्यांसकट. त्या मी स्वतः बघितल्या आहेत. बाबाजीपुरा, रावपुरा, दांडिया बाजार, शियाबाग इथल्या घरांत अशा वह्या अजून माळ्यावर असणार. आजोबा-पणजोबा कलाभवनला किंवा विश्वामित्रीच्या कारखान्यात होते अशा कुटुंबांनी कृपया एकदा बघावं. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याला देण्याआधी पानांचे फोटो काढून इथे टाका. मोडी वाचायला मी आणि ग्रुपवरचे दोघंजण आहोत.